पिपातले उंदीर आणि आठ मात्रा: गोंधळ लिहायचा तर ताल मोडावाच लागतो का?

ओसरी (धागाकर्ती)

२६ जुलै २००५ ला मी कलिन्यात एका तळमजल्याच्या खोलीत भाड्याने राहत होते. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा नंतर पेपरात वाचला. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की पाणी उंबरा चढलं, मग खाट, मग ओटा. घरमालकीण मावशी आणि मी वरच्या बिऱ्हाडात दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी खाली आलो. मोरीतलं पिंप तेवढं जागच्या जागी उभं होतं, झाकण वाहून गेलेलं. आत दोन उंदीर. तोंडाला तोंड टेकलेलं. मावशी मागे सरल्या, आणि माझ्या डोक्यात एक ओळ वाजली. आठवली असं म्हणत नाही, कारण शब्दांच्या आधी तिचा ठेका आला.

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

मर्ढेकरांच्या या ओळी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतील. 'काही कविता' १९४७ चं. त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले, दुर्बोधतेवर वाद झडले, हे सगळं आपण जाणतो. मला वेगळंच विचारायचं आहे. सगळीकडे चिखल, कुजका वास, काय कुठे गेलं याचा पत्ता नाही, अशा वेळी डोक्यात आलेली ओळ इतकी शिस्तीत का होती?

त्या रात्री वरच्या मजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात मी बोटांवर मात्रा मोजल्या. लघू (आखूड) अक्षराची एक, गुरू (लांब) अक्षराची दोन. 'पिपांत मेले' आठ, 'ओल्या उंदिर' आठ. 'माना पडल्या' आठ, 'मुरगळल्याविण' आठ. 'ओठांवरती' आठ, 'ओठ मिळाले' आठ. एकही मात्रा इकडची तिकडे नाही. हे पादाकुलक वृत्त, सोळा मात्रांचं, दोन सारख्या आवर्तनांचं. आता बालकवी घ्या: 'श्रावणमासी' आठ, 'हर्ष मानसी' आठ, 'हिरवळ दाटे' आठ, 'चोहिकडे' सहा. तीच आठ मात्रांची पावलं! बालकवी १९१८ मध्ये गेले. मधल्या २९ वर्षांत दुसरं महायुद्ध, गिरण्यांची मुंबई, रेशनच्या रांगा, बंगालचा दुष्काळ एवढं सगळं होऊन गेलं, आणि ज्या तालावर श्रावणाची हिरवळ आली होती त्याच तालावर मर्ढेकरांनी मेलेले उंदीर आणले. माझ्या मते भीती तिथूनच येते. चाल ओळखीची, आपली, शाळेतली. घरातला माणूस नेहमीच्याच आवाजात भलतंच काही सांगू लागावा, तसं होतं.

याहून सूक्ष्म एक गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी दिसली, आणि हा धागा खरं तर तिच्यासाठी काढला आहे. 'ओल्या' हे विशेषण कोणाचं? उंदरांचं असतं तर 'ओले उंदिर' झालं असतं. 'ओल्या' पिपाचं आहे. म्हणजे सरळ वाक्य 'ओल्या पिपांत उंदिर मेले'. वृत्तासाठी शब्द मागेपुढे केले असतील, असं मी आधी धरून चालले होते. मग सरळ वाक्याच्या मात्रा मोजल्या. 'ओल्या पिपांत' आठ, 'उंदिर मेले' आठ! सरळ वाक्यही वृत्तात चोख बसतं. शिवाय तिसऱ्या ओळीतल्या 'मिळाले'शी 'मेले'चं यमक आपोआप जुळलं असतं. म्हणजे कवीच्या हाताशी नीटनेटकी, जुळलेली ओळ होती आणि त्याने ती घेतली नाही. ताल सांभाळला आणि वाक्य मुरगाळलं. विशेषण नामापासून तोडलं आणि उंदरांच्या अंगावर टाकलं. वाचताना क्षणभर उंदीरच ओले होतात, आणि व्याकरण सांगतं की नाही.

तर माझं म्हणणं असं: जग विस्कटलं म्हणून रचनाही विस्कटली पाहिजे, हे आपण फार लवकर मान्य करून टाकतो. ताल जितका पक्का, तितकी त्याच्या आतली मोडतोड ऐकू येते. मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात लयीची तीन तत्त्वं मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. विरोध हाही लयीचाच भाग. ते वाक्य मला पुस्तकात कळलं नव्हतं, पिंपापाशी कळलं.

तुम्हाला काय वाटतं? इतर उदाहरणं द्या, विरोधातली तर जरूर.

शाईदौत

फार सुंदर निरीक्षण. 'ओल्या'कडे आजवर असं पाहिलं नव्हतं. मी नववी-दहावीला मराठी शिकवते आणि मुलं मात्रांना घाबरतात, म्हणून एक शंका आधीच विचारते, कारण हा धागा वाचून कोणीतरी मोजायला बसेलच. 'पडल्या'मध्ये 'ल्या' हे जोडाक्षर आहे. मग आधीचा 'ड' गुरू होऊन नऊ मात्रा होत नाहीत का? 'मुरगळल्याविण'चंही तेच.

ओसरी

शाईदौत, बरोबर पकडलंत. संस्कृतच्या नियमाने 'ड' गुरू झाला असता. पण मोठ्याने म्हणून बघा: 'पडल्या' म्हणताना 'ड'वर आघात येतच नाही, 'ल्या' हलका उच्चारला जातो. मराठीत अशा जोडाक्षराआधीचं अक्षर लघुच राहतं. 'सक्ती' म्हणताना मात्र 'स'वर जोर येतो, तो गुरू. मुलांना नियम सांगण्याआधी टाळी वाजवून म्हणायला लावा, कान आपोआप सांगतो.

तिठा

लेख मनापासून आवडला, तरी मला विरोधात बोलायचं आहे.

माझे वडील सफाई कामगार होते. सकाळी साडेसहाला चौकीवर हजेरी, मुकादमाने नाव पुकारलं की झाडू आणि घमेलं घेऊन आपला रस्ता धरायचा. तुम्ही ज्या पुराबद्दल लिहिलंय, त्यानंतरचे पंधरा दिवस ते घरी फक्त झोपायला आले. मेलेली जनावरं उचलत होते. म्हणून ती कविता वाचताना मला दर वेळी एक प्रश्न पडतो: पिपातले उंदीर उचलणारा माणूस त्या कवितेत कुठे आहे? उंदीर मरतात, दिवस सांडतो, सगळं सुन्न होतं. सकाळी कोणीतरी ते पिंप उपडं करणार असतो, तो दिसत नाही.

मराठीत 'व्यवस्था' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नीट मांडलेपणा, आणि दुसरा ज्याच्याविरुद्ध मोर्चे निघतात तो. आमच्या घरात दुसराच अर्थ आधी कळला. वडिलांचं आयुष्य अत्यंत शिस्तीत चालायचं: हजेरी, हद्द, पाळी, पगाराची तारीख. कुणी कुठला रस्ता झाडायचा आणि कुणाच्या मुलाने पुढे तोच झाडू उचलायचा, तेही ठरलेलं. तुम्ही जिला अनागोंदी म्हणता ती आम्ही व्यवस्थेच्या तळाशी पाहिली, व्यवस्थेनेच तयार केलेली.

म्हणून मला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) हा कवितासंग्रह या चर्चेत हवाच. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, तिच्यात म्हटलंय की पांढरपेशा जगाची हद्द जिथे संपते तिथून या कवितेचं जग सुरू होतं. ढसाळांनी पादाकुलक घेतलं असतं तर? मला वाटतं तो खोटेपणा झाला असता. ज्या तालावर श्रावण येतो तो ताल शाळेत शिकवला जातो, आणि ती शाळा सगळ्यांची नव्हती. 'चाल ओळखीची, आपली' असं तुम्ही लिहिलंत. 'आपली' म्हणजे कोणाची? ज्याला तो ताल कधी आपला वाटलाच नाही, त्याने तो आतून मोडायचा कसा?

ओसरी

तिठा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर देववलं नाही.

'आपली' हा शब्द मी विचार न करता वापरला, हे खरं. उंदीर उचलणाऱ्या माणसाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मीसुद्धा त्या दिवशी मागे सरले होते. ते पिंप शेवटी कोणी रिकामं केलं, हे मला आठवत नाही, आणि हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

एवढंच म्हणते की मर्ढेकरांनाही तो ताल नुसता सोयीचा वाटला नसावा. 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे.' सक्ती हा शब्द ज्या ओळीत येतो तीही आठ-आठ मात्रांतच आहे, सुटायला जागा नाही. म्हणजे वृत्त हीच तिथली सक्ती, असं मी वाचते. तुमच्या वडिलांची हजेरी-हद्द-पाळी आणि हे आठाचं आवर्तन, यांत काही नातं असेल का?

दिवटी

शब्दांवरून चर्चा चाललीच आहे तर एक शब्द माझाही. अनागोंदी. कोशांत याचं मूळ तुंगभद्रेकाठच्या आनेगुंदीशी लावलेलं सापडतं. पण त्यापेक्षा धाग्याच्या मथळ्यातला 'गोंधळ' मला जास्त जवळचा.

आमच्या घरात लग्न झालं की गोंधळ घालावाच लागतो. कुलदेवी तुळजाभवानी. लहानपणी मला कळायचं नाही, की शाळेत बाई 'गोंधळ बंद करा' म्हणून ओरडतात आणि घरी आजी हळद लागल्यापासून 'गोंधळ कधी' म्हणून विचारते, हे कसं काय? कारण घरचा गोंधळ ही मी पाहिलेली सगळ्यात शिस्तीची गोष्ट होती. आधी चौक मांडायचा: पाटावर नवं कापड, त्यावर धान्याची रास, कलश, वर उसाची किंवा ज्वारीची ताटं बांधून मखर. दिवटी पेटवायची. मग संबळ आणि तुणतुणं. आधी गण, मग एकेका देवाला नाव घेऊन बोलावणं, तुळजापूरची, कोल्हापूरची, माहूरची, जेजुरीचा, पंढरीचा, गोंधळाला ये म्हणून. सगळे 'आले' की आख्यान. पहाटे आरती. यातलं एक पाऊल चुकलं तर आजी जागची उठायची.

आणि तरी तो गोंधळच. मध्यरात्रीनंतर संबळ चढतं, दिवट्या नाचतात, बायकांच्या अंगात येतं, पोरं रडतात. जे आवरलं जात नाही त्याला एका रात्रीपुरती जागा करून द्यायची, आणि ती जागा आधी चौक आखून द्यायची. आपल्या भाषेने या दोन्हीला एकच शब्द ठेवला. माझ्या मते ओसरींचं म्हणणं त्या एका शब्दात आधीच आलेलं आहे.

तिठा, तुमच्याशीही मी सहमत आहे. संबळ कोणाच्या हातात आणि सोप्यावर बसून कोण ऐकतंय, हेही त्या चौकाइतकंच आखलेलं असतं. गोंधळ्याला पहाटे शिधा देऊन निरोप देताना मी ते पाहिलेलं आहे.

केळीचं_पान

मी यावलकडची. मर्ढेकरांचा जन्म आमच्या शेजारच्या फैजपूरचा (१९०९), आणि बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. एकाच मुलखातली दोन माणसं. १९४७ मध्ये एकाचा 'काही कविता' आला, तेव्हा बहिणाबाई अजून हयात होत्या. १९५१ ला त्या गेल्या आणि गाणी १९५२ ला छापली गेली.

या धाग्यावर त्यांचं 'मन वढाय वढाय' यायलाच हवं. आवरत नाही अशा गोष्टीवर याहून नेमकं मराठीत मी काही वाचलेलं नाही.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

इथे मात्रा नव्हे, अक्षरं मोजायची. प्रत्येक ओळीत आठ. मला ते शेताच्या बांधासारखं वाटतं. चारी बाजूंनी आठ-आठ अक्षरांचा बांध, आणि आत सुटलेलं ढोर. 'वढाय वढाय', 'हाकला हाकला': तुम्ही हाकलता, शब्द परत येतो. ढोर परत येतं हे चौथ्या ओळीत सांगितलंय, पण ऐकू पहिल्या ओळीपासूनच येतं.

तिठांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे असू शकेल. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना हा ताल शाळेने दिला नाही. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा म्हणायची, "हात चालला म्हंजे तोंड चालतं." जात्याचा फेरा पुरा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढीच ओळ. नवरा, सासू, मेलेलं मूल, दुष्काळ, काय काय त्या ओव्यांत असायचं. आम्हाला झोपेत वाटायचं आजी गातेय. मोठं झाल्यावर शब्द कळले तेव्हा अंगावर काटा आला. ज्या गोष्टी ती दिवसा कोणाला सांगू शकली नसती त्या जातं फिरत असेपर्यंत सांगता येत होत्या. जातं थांबलं की गप्प.

विणेकरी

केळीचं_पान, तुमचं जातं वाचून डोळे भरून आले.

तुकोबांचं एक देतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' मोजा, चोख बसतं. विटेवर उभा असलेला देव जसा स्थिर, तशीच ओळ. आता हे मोजा:

रात्रंदिवस आम्हां / युद्धाचा प्रसंग / अंतर्बाह्य जग / आणि मन

पहिल्या चरणात सात. एक अक्षर जास्त. भजनात म्हणताना टाळ काही त्या अक्षरासाठी थांबत नाही, ते कोंबून म्हणावं लागतं. गाथेत असं पुष्कळदा होतं, तेव्हा यावर मी मोठा डोलारा उभारणार नाही. पण चाळीस वर्षं म्हणतोय, आणि याच ओळीला दर वेळी दम लागतो. शेवटचं 'आणि मन' चार अक्षरांत येतं, आणि तिथे मी दर वेळी खाली बघतो.

शाईदौत

गद्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' (१९६३) मला याच धाग्यात दिसते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. 'उदाहरणार्थ' हा क्रम लावणारा, पुस्तकी शब्द. 'वगैरे' म्हणजे क्रम लावायचा सोडून दिला. दोन्ही तो सारख्याच निर्विकारपणे वापरतो. मग त्याची धाकटी बहीण मनी मरते, आणि ते दोन शब्द पुरेनासे होतात. त्या पानांवर मी वर्गात कधीच बोलू शकलेले नाही, नुसती वाचून दाखवते.

तिठा

परत आलो. उशीर झाला, कारण दोन गोष्टी करून मग लिहायचं ठरवलं होतं.

एक, केळीचं_पान यांचं म्हणणं मान्य. ताल फक्त शाळेचा, हे माझं म्हणणं अपुरं होतं. माझी आई झाडताना काहीतरी गुणगुणायची, ते मी विचारातच घेतलं नव्हतं. काल तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, भीमगीतं. जलशातली, तिच्या आजोळी ऐकलेली. फोनवर दोन कडवी म्हणून दाखवली आणि मी पलीकडे पायाने ठेका धरला होता, हे नंतर लक्षात आलं.

दुसरं, 'गोलपिठा' मोठ्याने वाचला. ओसरींनी सांगितलं तसं, टाळी वाजवून. आठ नाही, सहा नाही, काहीच हाती लागेना. पण एक लक्षात आलं. ओळी जिथे लांबतात तिथे श्वास संपतो आणि घ्यायला जागा नसते. तिथे कोणी मोजून ठेवलेलं नाही, आणि तरी दर वेळी मी त्याच शब्दाशी धापा टाकत पोहोचतो. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तसंच. तेव्हा तिथेही काहीतरी आखलेलं आहे, छातीच्या मापाने. हे वृत्त नाही आणि मी त्याला वृत्त म्हणूही देणार नाही. पादाकुलकात ती कविता झाली नसती, यावर मी ठाम आहे.

ओसरी

तिठा, ती कविता पादाकुलकात झाली नसती, मान्य. पहिल्या पोस्टमध्ये मी 'ताल पक्का असेल तरच मोडतोड ऐकू येते' अशा अर्थाचं लिहिलं होतं, ते मर्ढेकरांपुरतं खरं धरा. आईंची कडवी लिहून ठेवा, ही कळकळीची विनंती. चालीसकट, रेकॉर्ड करून.

दिवटी

धागा खाली जाण्याआधी एक. शनिवारी पुतण्याच्या गोंधळाला संबळवाले आले होते. पहाटे चहा पिताना त्यांच्यातल्या वयस्कर बुवांना मी 'पिपांत मेले'च्या ओळी म्हणून दाखवल्या. त्यांना कवी माहीत नव्हता. त्यांनी मांडीवर दोन बोटांनी वाजवून पाहिलं, मग म्हणाले, शेवट परत म्हणा.

पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!

म्हणाले, इथे सगळे ठोके सारखे. मी मोजलं. 'न्हाले न्हाले': दोन, दोन, दोन, दोन. लघू एकही नाही. मग मागे जाऊन 'सक्ती आहे' मोजलं. दोन, दोन, दोन, दोन. बुवांनी दोन्ही एकापाठोपाठ वाजवून दाखवले. डोळे मिटून ऐकलं तर कुठलं कुठलं ते सांगता येईना.